डोळ्यांना सोसेल आणि चहाड्या करणार नाही, असा टॅबलेट कसा निवडायचा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. मधले 'अं', 'म्हणजे कसं' काढून टाकलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका श्रोतीच्या व्हॉइस नोटवरून घेतलाय. ती पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास करते. ती म्हणते, "ताई, दिवसाला सात-आठ तास पीडीएफ वाचते, सगळं मोबाईलवर. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, डोकं धरतं. वीस-पंचवीस हजार साठवलेत. डोळ्यांना त्रास न देणारा टॅबलेट घ्यायचाय. पण रूममेट म्हणते की हे टॅबलेट तू काय वाचतेस ते सगळं बाहेर पाठवतात. खरं आहे का? मग काय घेऊ?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन प्रश्न आहेत. पहिला डोळ्यांचा, दुसरा खासगीपणाचा. आणि दुकानात दोन्हींची उत्तरं एकाच डब्यात मिळत नाहीत. वीस-पंचवीस हजार म्हणजे कित्येक महिन्यांच्या मेसचे पैसे. म्हणून आज जरा नीट बघू.

आधी डोळे: दुखतं नक्की कशाने?

जाहिरातींनी आपल्या डोक्यात एक खलनायक पक्का बसवलाय, तो म्हणजे निळा प्रकाश. पण अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संघटना सांगते की स्क्रीनमधून येणाऱ्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते, असा पुरावा नाही. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवर २०२३मध्ये कोक्रेनचा आढावा आला. त्यातही या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा थोड्या काळात तरी कमी होताना दिसला नाही.

मग चुरचुरतं कशाने? मोठं कारण आहे पापण्या. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे टक लावून बघताना हा आकडा ५ ते ७पर्यंत खाली येतो. डोळा कोरडा पडतो, आणि कोरडा डोळा चुरचुरतो. दुसरं कारण अंतर. मोबाईलवर ए-फोर आकाराची पीडीएफ उघडली की अक्षर मुंगीएवढं दिसतं, मग आपण फोन नाकाजवळ आणतो आणि डोळ्यांचे स्नायू तासन् तास आवळलेले राहतात. तिसरं कारण चकाकी: काचेवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि आपण त्याच्या आडून वाचत राहतो. आणि चौथं, चष्म्याचा नंबर बदललेला असणं. डोकं धरत असेल तर टॅबलेटच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. हे मी टाळाटाळ म्हणून सांगत नाहीये. नंबर चुकीचा असेल तर जगातला सगळ्यात महाग स्क्रीनही काही करू शकणार नाही.

झोपेचं मात्र वेगळं आहे. २०१४च्या शेवटी एक अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ जणांना सलग पाच रात्री झोपण्याआधी चार तास आयपॅडवर वाचायला लावलं, आणि दुसऱ्या पाच रात्री छापील पुस्तकातून. आयपॅडच्या रात्री मेलाटोनिन कमी झालं आणि झोप लागायला सरासरी १० मिनिटं जास्त लागली. माणसं फक्त १२ होती आणि ब्राइटनेस पूर्ण होता, हे लक्षात ठेवा. तरी रात्री उजळ स्क्रीन तोंडासमोर नको, एवढं यातून घ्यायला हरकत नाही.

आता स्क्रीन: दिवा मागे, दिवा पुढे, की दिवाच नाही?

मी हे असं समजते: प्रकाश कुठून येतो ते बघायचं.

एलसीडीत दिवा मागे असतो. पडद्यामागे पांढरा प्रकाश आणि पुढे लाखो बारीक झडपा. म्हणजे आपण दिव्याकडेच बघत वाचतो. स्वस्त, रंगीत, वेगवान. व्हिडिओ लेक्चरला हाच बरा.

ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच दिवा असतो. काळा रंग खरंच काळा दिसतो. पण ब्राइटनेस कमी करताना बरेच ओएलईडी दिवे मंद करत नाहीत, झपाझप चालू-बंद करतात. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. सेकंदाला काहीशे वेळा होणारी ही उघडझाप डोळ्यांना दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. तपासायला सोपं आहे: अंधारात ब्राइटनेस कमी करा आणि दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात शटर स्पीड वाढवून स्क्रीनकडे बघा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले, तर उघडझाप आहे.

मग येतात 'कागदासारखे' म्हणून विकले जाणारे मॅट टॅबलेट, टीसीएलच्या नेक्स्टपेपरसारखे. आत एलसीडीच असतो, वरचा थर खरबरीत केलेला असतो. चकाकी खरंच कमी होते. पण दिवा मागेच आहे. त्याला ई-इंक समजून पैसे देऊ नका.

ई-इंक हे वेगळंच प्रकरण. हे तंत्र एमआयटी मीडिया लॅबमध्ये जन्मलं, १९९७मध्ये कंपनी झाली, २००४मध्ये जपानात सोनीने त्यावरचा पहिला वाचक काढला आणि २००७मध्ये किंडल आलं. पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक गोळ्या असतात. त्यांत पांढरे आणि काळे कण द्रवात तरंगतात, एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण. विजेचा दाब दिला की पांढरे वर येतात किंवा काळे वर येतात. एकदा आले की वीज न देता तिथेच राहतात, म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते. आणि ते कण प्रकाश देत नाहीत, कागदासारखा खोलीतला प्रकाश परत पाठवतात. अभ्यासिकेतली ट्यूबलाइट पुरते, गच्चीवरचं ऊनही चालतं. अंधारासाठी कडेला छोटे एलईडी असतात, ते पानावर प्रकाश पाडतात. रात्री पिवळसर करता आले तर उत्तम.

तोटे? पान बदलताना क्षणभर झपकन काळं-पांढरं होतं, मागच्या पानाची पुसट सावली राहते, छटा फक्त १६. व्हिडिओ विसरा. रंगीत ई-इंक आलंय, पण त्यातल्या कॅलिडो ३ या प्रकारात रंग ४०९६च आहेत, काळ्या-पांढऱ्या अक्षराची स्पष्टता इंचाला ३०० ठिपके, तर रंगाची १५०. वर रंगाची जाळी असल्यामुळे पडदा जरा काळपट दिसतो. भूगोलाचा नकाशा फिकट वाटणारच.

आणखी एक प्रकार आहे, परावर्तित एलसीडी. २०२४मध्ये अमेरिकेतल्या डेलाइट कंपनीने असा टॅबलेट काढला. प्रकाश खोलीतला वापरतो आणि वेग एलसीडीचा, सेकंदाला ६० चित्रं. रात्रीसाठी केशरी दिवा. पण किंमत सुरुवातीला ७२९ डॉलर होती. आपल्या श्रोतीच्या बजेटमध्ये तो बसत नाही.

मग ई-इंकने डोळे खरंच कमी थकतात का? इथे अभ्यासांची उत्तरं वेगवेगळी आहेत. २०१२च्या एका अभ्यासात आयपॅड आणि सोनीचा ई-इंक वाचक यांत थकव्याचा फरक दिसला नाही. अभ्यासकांचं म्हणणं होतं की तंत्रापेक्षा चित्र किती स्पष्ट आहे हे महत्त्वाचं. २०१३च्या दुसऱ्या अभ्यासात एलसीडीवर जास्त थकवा दिसला, आणि ई-इंक कागदाच्या जवळ राहिलं. दोन्ही अभ्यास छोटेच. माझं मत असं: ई-इंक औषध नाही. ते चकाकी घालवतं, रात्रीचा भडक प्रकाश घालवतं, आणि नोटिफिकेशनसाठी फारच कंटाळवाणं असल्यामुळे लक्ष टिकतं. यात तुमचा त्रास बसत असेल तर पैसे वसूल.

दुसरा प्रश्न: हा टॅबलेट चहाड्या करतो का?

हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे, त्यामुळे आतली गोष्ट सांगते. आम्ही ॲप लिहितो तेव्हा प्रत्येक महत्त्वाच्या जागी एक 'इव्हेंट' टाकतो. पुस्तक उघडलं, पान ४७ वर गेली, ९० सेकंद थांबली, ओळ हायलाइट केली, बंद केलं. प्रत्येकाला वेळेचा शिक्का आणि यंत्राचा क्रमांक. हे सगळं वाईट हेतूने होत नाही. कुठे ॲप अडकतं, लोक कुठे सोडून जातात, ते कळायला लागतं. दोन यंत्रांवर तेच पान उघडायचं असेल तर पानाचा क्रमांक सर्व्हरवर जाणारच. पण गोळा झालेली माहिती पडून राहते, आणि पडून राहिलेली माहिती कधीतरी कुणाच्या तरी हाती लागते.

आणि वाचन ही फार उघडं पाडणारी गोष्ट आहे. तुम्ही काय खरेदी केलं यापेक्षा काय वाचलं आणि कुठे थबकलात, त्यातून जास्त कळतं. घटस्फोटाचा कायदा, नैराश्यावरचं पुस्तक, नोकरी बदलायची तयारी, धर्म सोडलेल्या माणसाचं आत्मचरित्र. हे आपण घरातल्यांनाही सांगत नाही.

ही नुसती भीती नाही, झालेल्या गोष्टी आहेत. २००९मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या घोळामुळे ऑर्वेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडलवरून दुरून पुसली. त्यातलं एक होतं '१९८४'! पैसे परत केले, नंतर माफीही मागितली, पण विकत घेतलेलं पुस्तक रात्रीत गायब होऊ शकतं हे जगाला कळलं. २०१४मध्ये अडोबीचं ई-पुस्तकं वाचायचं सॉफ्टवेअर वाचनाची माहिती कुलूप न लावता, साध्या मजकुरात सर्व्हरला पाठवत असल्याचं उघड झालं. म्हणजे अभ्यासिकेच्या वायफायवर बसलेला कुणीही ती वाचू शकला असता. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते सुधारलं. आणि फेब्रुवारी २०२५मध्ये ॲमेझॉनने विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने किंडलमध्ये टाकायची सोय बंद केली. तुमची स्वतःची पीडीएफ यूएसबीने अजूनही टाकता येते, पण दुकानातली बहुतेक पुस्तकं आता त्यांच्या वायफायच्या वाटेनेच येतात.

आता अँड्रॉइडवाले ई-इंक टॅबलेट. यांचा फायदा मोठा: कुठलंही वाचनाचं ॲप टाका. तोटा असा की कंपनीचं स्वतःचं क्लाउड, कीबोर्ड, हस्ताक्षर ओळखणं, एआय मदतनीस हे सगळं आधीच भरलेलं येतं. तुम्ही हाताने लिहिलेली टिपणं अक्षरांत बदलायला काही वेळा सर्व्हरवर जातात. शिवाय अँड्रॉइडची आवृत्ती बरेचदा जुनी असते आणि सुरक्षेचे अपडेट कमी येतात. म्हणून अशा यंत्रावर बँक, यूपीआय किंवा मुख्य ईमेल टाकू नका.

"चिनी आहे म्हणून घेऊ नको," हे मला अर्धवट वाटतं. चीनच्या २०१७च्या गुप्तवार्ता कायद्यानुसार तिथल्या कंपन्यांना सरकारला सहकार्य करावं लागतं, हे खरं. पण अमेरिकन कंपनीलाही तिथल्या न्यायालयाचा आदेश आला तर माहिती द्यावी लागते. आपल्याकडे २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही झाला. कायदा हवाच. पण जी माहिती यंत्राबाहेर गेलीच नाही, तिच्यासाठी कुणाचाच कायदा लागत नाही. त्यामुळे देश विचाराच, पण त्याच्याआधी तीन गोष्टी विचारा: खात्याशिवाय चालतं का? माझी फाइल यूएसबीने टाकता येते का? क्लाउड बंद करता येतं का?

घरी आणल्यावर अर्ध्या तासाची तपासणी

परत करायची मुदत संपायच्या आत हे करा.

एक, सेटिंगमध्ये जाऊन क्लाउड सिंक, 'अनुभव सुधारा' कार्यक्रम, जाहिरातींची ओळख, एआय हे सगळं बंद करा.

दोन, अँड्रॉइड असेल तर नेटवर्क दाखवणारी फायरवॉल टाका. रीथिंक किंवा नेटगार्ड, दोन्ही मुक्त स्रोत. कुठलं ॲप कुठल्या पत्त्यावर जातंय ते दिसतं. एक पीडीएफ उघडा, दहा पानं उलटा आणि यादी बघा. ज्याला नेटची गरज नाही, त्याचं नेट तोडा.

तीन, विमान मोडवर आंधळा विश्वास नको. नेट नसताना इव्हेंट यंत्रात रांगेत साठतात आणि वायफाय मिळालं की एकदम जातात. आम्हीच ते तसं लिहितो, नाहीतर माहिती हरवेल ना! म्हणून एकतर फायरवॉल, नाहीतर वायफाय कधीच नाही. काही वाचकांचं सॉफ्टवेअर अपडेट यूएसबीनेही टाकता येतं, ते आधी बघून ठेवा.

चार, पुस्तकं सांभाळायला संगणकावर कॅलिबर वापरा. कोविद गोयल या भारतीय डेव्हलपरने ते २००६मध्ये सुरू केलं आणि आज जगभर वापरतात. वाचायला केओरीडर. कोबो, पॉकेटबुक आणि अँड्रॉइड यंत्रांवर चालतं, खातं मागत नाही. त्यात एक जादू आहे: स्कॅन केलेल्या पीडीएफमधले शब्द चित्रासारखे कापून ते छोट्या पडद्यावर पुन्हा मांडतं. अक्षर ओळखायची गरजच नाही, त्यामुळे जुन्या फॉन्टमधली किंवा स्कॅन केलेली मराठी पुस्तकंही मोठ्या अक्षरात वाचता येतात. तक्ते आणि दोन रकान्यांची पानं मात्र कधी कधी विस्कटतात.

मग घ्यायचं काय?

कादंबऱ्या, कथा, दिवाळी अंकांतले लेख वाचणाऱ्यांना सहा-सात इंचांचा साधा ई-इंक वाचक पुरे. व्हिडिओ लेक्चर हाच मुख्य अभ्यास असेल तर दहा-अकरा इंचांचा मॅट एलसीडी, ब्राइटनेस खोलीच्या उजेडाएवढा, अक्षर मोठं. ए-फोर पीडीएफ, तीही तक्त्यांची, आणि हाताने टिपणं, असं असेल तर दहा इंचांचं ई-इंक बेस्ट. पण ते बहुतेक वेळा पंचवीस हजारांच्या वर जातं.

आपल्या श्रोतीला मी हे सांगितलं. पहिली पायरी, डोळे तपास. दुसरी, दोन आठवडे दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघ, पापण्या मुद्दाम मिट आणि फोन हातभर लांब ठेव. तिसरी, ज्या पीडीएफ पुन्हा पुन्हा वाचतेस त्यांची झेरॉक्स काढ. हसू नका! चकाकी नाही, चार्जिंग नाही, खातं नाही आणि सदाशिव पेठेत गल्लीगल्लीत मिळते. एवढं करून त्रास निम्मा झाला, तर पैसे वाचले.

तरी गरज उरलीच तर सात-आठ इंचांचं ई-इंक घे, यूएसबीने फाइल टाकता येणारं आणि केओरीडर चालणारं. मोठं आणि महाग यंत्र घेण्यासाठी उसनवारी करू नकोस. नकाशे कागदावर, लेक्चर मोबाईलवर, बाकी वाचन यावर. मुख्य गूगल खातं त्यात टाकू नकोस. आणि घ्यायच्या आधी कुणाकडे तरी हातात घेऊन तुझीच एक मराठी पीडीएफ उघडून बघ. जोडाक्षरं फुटत नाहीत ना, पान किती वेळात उलटतं, तुझ्या डोळ्यांना कसं वाटतं. जाहिरातीतलं इंग्रजी पान सगळ्याच यंत्रांवर सुंदर दिसतं.

तिचा परवा मेसेज आला. डॉक्टरांनी नंबर बदललाय, चष्मा शुक्रवारी मिळतोय. टॅबलेटचं महिनाभराने ठरवणार आहे.

तुमच्याकडे असं एखादं यंत्र असेल, तर दहा पानं उलटून ते कुठे कुठे बोलतं ते बघा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात कीबोर्ड ॲपबद्दल बोलू, कारण तुम्ही जे टाइप करता त्यातलं प्रत्येक अक्षर आधी तिथून जातं. भेटू!